निम्मं वाक्य

पडदे ओढायचे की नाहीत यावरूनच पहिली ठिणगी पडली. नाटककाराचं म्हणणं, अंधार हवा, त्याशिवाय वातावरण तयार होत नाही. त्याच्या बायकोचं म्हणणं, रविवारची दुपार आहे, पंखा रखडतोय, माणसं घामाघूम झाली की वातावरण कुठल्या कुठे जाईल. अक्का खिडकीजवळच्या ताठ पाठीच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. भावाच्या या घरात ती कित्येक वर्षांनी आली होती आणि आल्या आल्या तिची खात्री पटली, की इथे काहीएक बदललेलं नाही. याला अजून वातावरण लागतं आणि हवेची सोय बायकोनं करायची असते.

"अंधार पाहिजेच," धाकटा म्हणाला. मग वहिनीची नजर त्याच्याकडे वळली. "पण जीवही गुदमरता कामा नये," तो म्हणाला.

धाकटा म्हणजे या भावंडांतलं शेंडेफळ. धंदा घरं विकून देण्याचा. घेणाऱ्यालाही होय आणि देणाऱ्यालाही होय म्हणून म्हणून त्याची मान आता आपोआपच हलत असे. अक्कानं त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवला होता, आणि त्या मानेला वेळीच जरा आधार दिला असता तर बरं झालं असतं, असं तिला अधूनमधून वाटे.

शेवटी एक पडदा ओढला आणि एक तसाच ठेवला. या घराण्यातले सगळे तह असेच होत.

नाटककाराला घरात सगळे नाटककारच म्हणत. आधी कौतुकानं, मग सवयीनं, आणि अलीकडे एखाद्या लठ्ठ माणसाला बारक्या म्हणावं तसं. त्यानं लिहिली तशी पुष्कळ नाटकं. पण ज्याच्यामुळे हे नाव चिकटलं ते एकच, टीव्हीवरचं, 'मात्रा'.

तो काळ ज्यांनी पाहिला नाही त्यांना आता सांगून पटणार नाही. वाहिनी एकच, त्यामुळे आवडनिवडीचा प्रश्न नव्हता. आणि मंगळवारी संध्याकाळच्या बातम्या संपल्या की एक नाटक लागायचं. तेवढ्यापुरतं, मागचं पुढचं काही नसलेलं. त्या नाटकांत सुखासमाधानानं कुणी मरतसुद्धा नसे. कधी एखादा हेडमास्तर बायकोला भिंतीत चिणायचा, कधी एखादा कारकून मेलेल्या साहेबाशी तासभर गप्पा मारायचा, कधी नवराबायको दारावरची घंटा वाजायची वाट बघत बसायची आणि ती वाजली की नाटक संपायचं. दर आठवड्याला गोष्ट नवी, माणसं नवी. जिना मात्र तोच, कारण स्टुडिओत जिना एकच होता. गावंच्या गावं जेवता जेवता ते बघायची, ताटावरून उठताना एकमेकांकडे जरा संशयानं पाहायची आणि बुधवारी सकाळी कामाला लागायची. लिहिणारे मात्र स्वतःवर भलतेच खूश असत. माणसाचं मन खणून काढल्याच्या थाटात फिरत.

टेप तेव्हा महाग. नाटक एकदा दाखवून झालं की ते पुसून त्याच टेपवर दुसरं काहीतरी भरत. 'मात्रा'वरही केव्हाच कुणीतरी फुटबॉलचे गोल मारले असणार असं सगळे धरून चालले होते. अक्कासुद्धा. तिला त्यात आनंदच होता.

आणि आता ते सापडलं होतं. बालगीतांच्या खोक्यात.

"कुणीतरी चुकीचं लेबल लावलं म्हणून वाचलं!" पाहुणी हे आल्यापासून सगळ्यांना सांगत होती. पाहुणी म्हणजे जुने कार्यक्रम जपून ठेवणाऱ्या एका संस्थेतली तरुण बाई. मोठा चष्मा, मोठा उत्साह. जुन्या काळावर तिचा इतका जीव होता, की तिला आठवडाभर तिकडे राहायला धाडावं असं अक्काला वाटलं. येत्या शनिवारी संस्थेच्या सभागृहात 'मात्रा' पुन्हा दाखवायचं होतं आणि नाटककाराचा सत्कार करायचा होता. त्याआधी घरच्यांनी एकदा बघावं म्हणून ही दुपार.

अक्काला आणायला नाटककाराची मुलगी स्वतः गाडी घेऊन गेली होती. ही भाची दातांची डॉक्टर. दुखणार नाही, दुखणार नाही म्हणत नेमकं दुखेल ते करण्याची तिची हातोटी होती. "आत्या, बाबांचं एकदा मन राख. आता किती वर्षं धरून बसणार?" ती वाटेत म्हणाली होती. अक्कानं उत्तर दिलं नाही. मन राखायला ती निघालीच नव्हती. ज्या नाटकानं तिचं वाटोळं केलं ते तिनं कधी पाहिलंच नव्हतं. ते लागलं त्या संध्याकाळी ती औषधांच्या दुकानात कामावर होती.

अक्का औषधशास्त्र शिकलेली. दिवसा दुकान आणि बाकीचा वेळ आई, असं तिचं आयुष्य होतं. आई अंथरुणाला खिळलेली. आईला झोपेचं औषध लागे, ते थेंब मोजून द्यायचं, आणि ते अक्का देई. आता 'मात्रा'ची गोष्ट अशी, की औषधांच्या दुकानात काम करणारी एक बहीण आपल्या आजारी आईला जास्त थेंब घालून मारते. नाटककार तेव्हाही म्हणाला आणि आजही म्हणतो, की पात्रं काल्पनिक आहेत. पण स्टुडिओकडे सामान नव्हतं म्हणून त्यानं घरचंच उचलून नेलं. आईची आरामखुर्ची नेली, टेबलावरचं कापड नेलं, अक्काची शाल नेली आणि आईच्या औषधाची बाटलीसुद्धा नेली. बाटलीवर दुकानाच्या नावाची चिठ्ठी होती. ती काढून टाकावी हे त्याच्या डोक्यात आलं नाही. प्रतिभावंतांच्या डोक्यात असलं काही येत नाही.

दुकानाचा मालक भला माणूस होता. त्यानं अक्काला कामावरून काढलं ते रागावून नाही, अजिजीनं. गिऱ्हाईकं पुडी हातात घेऊन डोळे मिचकावत, "बाई, जास्तीचं काही घातलं नाहीत ना?" विचारत आणि दुसरीकडे जात. पुढे तिला कुठल्याच दुकानानं उभं केलं नाही. शेवटी जनावरांच्या दवाखान्यात नोकरी मिळाली आणि तिथेच ती म्हातारी झाली. जनावरं टीव्ही बघत नाहीत.

पण खरा घाव तो नव्हता. आईनं ते नाटक पाहिलं होतं, शेजारच्या बाईंबरोबर, पलंगावर उशांना टेकून. त्यानंतर आई म्हणाली, की थेंब शेजारच्या बाईंनीच द्यावेत. का ते सांगितलं नाही. घरातल्यांनी म्हातारपणाचा हट्ट म्हणून सोडून दिलं. पुढे त्याच वर्षी आई गेली. अक्कानं भावाशी बोलणं टाकलं आणि तेवढ्यावरून घरात सगळ्यांचं मत झालं, की अक्का उगाच अंगाला लावून घेते.

"सुरू करू?" पाहुणीनं विचारलं.

टीव्हीवर आधी नुसत्या मुंग्या आल्या. मग हातानं रंगवलेली पाटी आली, जराशी तिरकी. मग पाटी बाजूला ओढणारं कुणाचं तरी बोट आलं.

"बोट दिसलं!" भाची म्हणाली.

"तेव्हा थांबता येत नसे," पाहुणी भक्तिभावानं म्हणाली. "सलग करायचे सगळं. चुकलं तर चुकलं."

खोली दिसली. आरामखुर्ची, टेबल, टेबलावर ते कापड. धाकट्याला भरून आलं. "आपली खुर्ची! अक्का, आपली खुर्ची बघ गं!"

"बघते आहे," अक्का म्हणाली. "परत आणली तेव्हा तिचा एक पाय सैल होता."

बहीण झालेली नटी आत आली. तिनं दार लावलं आणि त्याबरोबर सगळी भिंत हलली. तिच्या अंगावर अक्काची शाल होती, तीही उलटी. ती बोलत नव्हती, फुत्कारत होती. भुवया इतक्या काळ्या रंगवल्या होत्या की बाईनं खून नाही केला तरच आश्चर्य वाटावं. अक्कानं पर्सचा बंद मुठीत गच्च धरला होता, तो तिनं हळूहळू सोडला. याला ती आयुष्यभर घाबरली होती? या भुवयांना?

मग भाऊ आला. भाऊ म्हणजे पांढरा सदरा, विस्कटलेले केस आणि थोडा खोकला. तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर रंगवलेलं झाड होतं, त्याच्याकडे तो फार दुःखानं बघत होता. मग तो आईच्या पलंगाशी बसला, तिचा हात हातात घेतला आणि कपाळावरून हात फिरवला.

"हा आईजवळ बसलेला मी आज पहिल्यांदाच बघते आहे," अक्का म्हणाली.

भावजय फस्सकन हसली. नवऱ्याची बहीण आणि ती यांचं उभ्या आयुष्यात पटलं नव्हतं. पण हसू आलं ते आलं. नाटककारानं घसा साफ केला.

"प्रतीकात्मक आहे ते," तो म्हणाला.

"यात मी कुठे आहे?" धाकट्यानं विचारलं.

"तू नाहीस."

"म्हणजे? मी नव्हतो घरात?"

"नाटकात दोनच भावंडं आहेत. तू असतास तर ताण सैल झाला असता."

धाकटा दुखावला. मग विचार करून म्हणाला, "ते बरोबर आहे."

त्यानंतर सगळेच जरा सैलावले. वरून ध्वनिवाल्याची माइक लावलेली काठी डोकावली तेव्हा भाचीनं टाळी वाजवली. डॉक्टरच्या पात्राला संवाद आठवेना, तेव्हा त्यानं रोग्याऐवजी स्वतःचीच नाडी बघितली. अक्काला मजा वाटायला लागली. अगदी मनापासून वाटायला लागली. एवढा बाऊ, एवढा अबोला, एवढी वर्षं, आणि निघालं काय, तर थरथरती भिंत आणि खोकणारा सदरा. तिच्या छातीवरचं काहीतरी खरंच उतरत होतं. हे नाटक वाईट होतं. साफ वाईट. शनिवारी लोक हसतील आणि संपेल एकदाचं.

पडद्यावर नटी टेबलाशी बसून थेंब मोजत होती. कॅमेरा पुढे गेला. बाटलीवरची चिठ्ठी स्वच्छ दिसली, मालकाच्या नावासकट. नटीनं मान वर केली आणि पहिल्यांदाच भुवया न हलवता ती भावाला म्हणाली,

"रोज थेंब मोजते ना, तेव्हा वाटतं, आज आकडा विसरावा. तिची सुटका होईल आणि माझीही."

अक्काचं हसू तोंडावरच राहिलं.

हे तिचं होतं. शब्द न शब्द तिचा होता. एका रविवारी ती बेसिनशी भांडी घासत उभी होती आणि भाऊ मागे ओट्याला टेकून. दर रविवारी यायचा तो, आईच्या खोलीत डोकावायचा आणि मग ओट्याशी येऊन उभा राहायचा. बोल, म्हणायचा. तुझं ऐकायला बरं वाटतं. आणि ती बोलायची, कारण आठवडाभर तिला विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी ती फार दमली होती. पाठमोरीच बोलली. तो काही न बोलता लवकर निघून गेला. बिचाऱ्याला सोसवलं नाही, असं तिला वाटलं होतं. तिला त्याची दया आली होती!

सोसवलं नाही कसलं. विसरायच्या आत कागदावर उतरवायला पळाला होता.

नाटक, म्हटलं तर, पुढे चालू राहिलं. म्हातारी मेली आणि मेल्यावर तिनं डोळे मिचकावले, तेव्हा भाची आणि धाकटा पोट धरून हसले. भाऊ जिन्यावर जाऊन उभा राहिला. अंधार झाला. समाप्त. अक्काला यातलं काही दिसलं नाही. इतकी वर्षं ती समजत होती, की भावानं निष्काळजीपणानं तिची बाटली नेली. निष्काळजीपणा माफ करता येतो, आज ना उद्या तो तिनं केलाही असता.

पाहुणीनं चष्मा काढून डोळे पुसले.

"बाकी काहीही असो," ती म्हणाली, "ते एक वाक्य! मी त्या काळातली इतकी काळीकुट्ट नाटकं पाहिलीत, उरलेल्या संहिता वाचल्यात. सगळे ओरडतात, कुणी खरं बोलत नाही. इथे ती बाई एकदाच खरं बोलते. आम्ही निमंत्रणपत्रिकेवर तेच छापलंय. सर, कसं सुचलं हो ते?"

नाटककारानं मान जरा तिरकी केली. भावजयीनं डोळे मिटून घेतले. ही मान तिच्या ओळखीची असावी.

"अशी वाक्यं सुचत नाहीत," तो म्हणाला. "ती उतरतात."

मग तो अक्काकडे वळला. आवाज मऊ झाला. "अक्का, एक मागायचं होतं. शनिवारी तू यावंस. माझ्याशेजारी बसावंस. लोक अजून कुजबुजतात, तुला ठाऊक आहे. तू फक्त चार शब्द बोल, की ही बाई मी नव्हे, माझ्या भावानं कल्पनेनं लिहिली. तुझ्यावरचा डागही जाईल."

"खूप सुंदर क्षण होईल," पाहुणी म्हणाली.

"बघ आत्या, दोघांचंही भलं," भाची म्हणाली. दुखणार नाही, दुखणार नाही.

धाकट्याची मान हलत होतीच.

अक्काला समोर मांडलेलं सगळं नीट दिसलं. होय म्हटलं, की ती निर्दोष. भर सभागृहात, टाळ्यांच्या कडकडाटात. फक्त ते वाक्य याला देऊन टाकायचं. नाही म्हटलं, वाक्य माझं आहे म्हटलं, की मग लोक इतकी वर्षं जे कुजबुजत होते ते तिनं स्वतःच्या तोंडानं कबूल केल्यासारखं होणार. भावानं नकळत का होईना, सापळा उत्तम लावला होता. नाटकात एवढं जमलं असतं तर नाव काढलं असतं.

"शनिवार कशाला? आत्ताच बोलते," अक्का म्हणाली. "ते वाक्य माझं आहे."

"कुठलं?"

"पत्रिकेवर छापलंय ते. जे तुझ्यावर उतरलं ते."

धाकट्यानं खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि गिऱ्हाइकाला समजावतात त्या सुरात म्हणाला, "अक्का, बोलण्याआधी विचार कर गं. वाक्य तुझं म्हटलंस तर ऐकणारा पुढचा विचार करणारच ना? म्हणजे आई... त्याच वर्षी..."

त्यानं पुढचं गिळलं. पण भाचीच्या चेहऱ्यावर ते उमटलं होतं. अक्कानं ते येताना पाहिलं. लहानपणी जिला मांडीवर घेऊन औषध पाजलं, ती पोरगी आता तिच्या हातांकडे बघत होती.

"आजी तिच्या मरणानं गेली," अक्का म्हणाली. "शेवटचे कित्येक महिने मी त्या बाटलीला हातसुद्धा लावला नाही. लावू दिला नाही मला. शेजारच्या बाई होत्या, त्यांना विचारा म्हटलं असतं, पण त्याही आता नाहीत. तेव्हा काय मानायचं ते माना. वाक्य माझं आहे. बेसिनशी उभी राहून मी याला म्हणाले होते."

नाटककारानं पाहुणीकडे बघून खेदानं हसल्यासारखं केलं. "अक्काचं आता वय झालंय," तो हळूच म्हणाला. "इतकी वर्षं तेच तेच मनात घोळवलं, की असं होतं. माणसाला वाटायला लागतं, की आपणच बोललो."

अक्काला राग येईल असं वाटलं होतं. आली ती किळस.

"वय काय त्यांचं एकट्यांचं झालंय?"

हे भावजय बोलली होती. ती सरबताचे रिकामे पेले गोळा करत होती. ते तिनं ट्रेमध्ये ठेवले, ट्रे टेबलावर ठेवला आणि पदर खोचून उभी राहिली.

"तू मध्ये बोलू नकोस," नाटककार म्हणाला.

"आजवर बोललेच नाही. अक्का, मला तुम्ही कधी आवडला नाहीत, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," अक्का म्हणाली. "मलाही तू नाही."

"पण खरं ते खरं." भावजय पाहुणीकडे वळली. "मी लग्न होऊन आले तेव्हा हे दर रविवारी बहिणीकडे जायचे आणि सोमवारी लिहायला बसायचे. 'मात्रा' झालं, अक्कांनी बोलणं टाकलं. त्यानंतर दर सोमवारी हे नुसतेच बसायचे."

नाटककार उठला. मग पुन्हा बसला.

"पुढच्या नाटकांना कुणी हसलंही नाही हो," भावजय म्हणाली. आता तिला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "एकात दिवाबत्तीचा खांब बोलायचा. एकात सगळी पात्रं आंधळी. मी विचारलं, हे असं का? तर म्हणाले, मला आता माणसांचा कंटाळा आलाय. कंटाळा कसला? माणूस बोलायचं बंद झालं होतं."

"आई!" भाची म्हणाली, पण तो सूर दटावण्याचा नव्हता. ती आता बापाकडे बघत होती, क्ष-किरणाची फिल्म उजेडात धरून बघावी तशी. "बाबा, आत्या म्हणते ते खरं आहे?"

"कलावंत सगळीकडून घेतो," नाटककार म्हणाला. "एखादा शब्द कुठून आला, कोण सांगणार?"

"बरोबर," धाकटा म्हणाला. मग त्यानं भोवताली पाहिलं, मोजदाद केली आणि पुस्ती जोडली, "पण घेतला तर सांगावं माणसानं."

पाहुणी बिचारी हातातल्या चष्म्याशी चाळा करत होती. तिचा लाडका काळ तिच्या डोळ्यांदेखत नुसत्या चड्डीवर बाहेर आला होता.

अक्का मात्र शांत झाली होती. भावजयीच्या तोंडून आपली बाजू ऐकण्याची तिला सवय नव्हती. जरा अवघडल्यासारखंच झालं. पण तिला जे हवं होतं ते अजून तिच्या हाती आलं नव्हतं.

"मी येते शनिवारी," ती म्हणाली. नाटककारानं झटकन वर पाहिलं. "तुझ्याशेजारी बसते. हवं तर हारही घालते तुला. फक्त तिथे उभं राहून तू ते वाक्य पूर्ण म्हणायचंस."

"पूर्ण म्हणजे?"

"तू निम्मंच घेतलंस. मी तिथे थांबले नव्हते."

"अजून होतं?" पाहुणीच्या तोंडून निघून गेलं. "पुढे काय होतं?"

"मला कशाला विचारतेस? माझं वय झालंय," अक्का म्हणाली. "मी काहीही जुळवून सांगेन. त्याला विचार."

सगळे नाटककाराकडे बघू लागले. त्याला आठवत नाही म्हणता आलं असतं. अक्का तेच म्हणण्याची वाट बघत होती. तिनं त्यावरचं उत्तरही तयार ठेवलं होतं, चांगलं झोंबणारं. त्यानं ओढलेल्या पडद्याकडे पाहिलं, मग न ओढलेल्याकडे. म्हाताऱ्या माणसाचे ओठ बोलण्याआधी हलतात तसे त्याचे हलले.

"रोज थेंब मोजते ना," तो म्हणाला, "तेव्हा वाटतं, आज आकडा विसरावा. तिची सुटका होईल आणि माझीही." तो थांबला. त्यात नाटकातला आवाज नव्हता. भांडी घासता घासता पाठमोऱ्या बाईनं बोलावं तसा तो बोलत होता, एक शब्द इकडचा तिकडे न करता. "आणि मग वाटतं, उद्या माझ्या चहाला नावं कोण ठेवणार?"



"आजी ठेवायची नावं?" भाचीनं विचारलं.

"रोज," धाकटा म्हणाला. त्याची मान पहिल्यांदाच हलत नव्हती. "पांचट आहे, गोड आहे, गार आहे. रोज दोघींची त्यावरून जुंपायची. अख्खं घर त्यानं जागं व्हायचं."

"मग बाबा, तेवढंच का गाळलंत?"

नाटककारानं मुलीकडे पाहिलं नाही. "ते ठेवलं असतं तर तिला जास्त थेंब घालता आले नसते," तो म्हणाला. "असं बोलणारी बाई मारत नाही. नाटक तिथेच संपलं असतं."

अक्का जिंकली होती. साक्षीदारांसमोर, त्याच्याच तोंडून. तिला वाटलं, आता हसावं, चांगलं खदखदून हसावं या माणसाला. पण हसू येईना. त्याला सगळं ठाऊक होतं. ठाऊक असून त्यानं कात्री कुठे लावायची ते नेमकं ओळखलं होतं.

"आईनं ते नाटक पाहिलं," ती म्हणाली.

"माहीत आहे."

"थेंबांचं माहीत आहे तुम्हाला. चहाचं नाही." तिनं पर्स मांडीवरून उचलून बाजूला ठेवली. "त्यानंतर तिनं माझ्या चहाला एकदाही नावं ठेवली नाहीत. कप हातात घ्यायची, माझ्याकडे बघायची आणि निमूट प्यायची. मग मी मुद्दाम बिघडवायला लागले. बिनसाखरेचा दिला. गार करून दिला. एकदा मीठ घातलं त्यात."

"मग?" भावजयीनं विचारलं.

"छान झालाय म्हणाली."